मोडलेला टॅप आणि घरच्या वर्कशॉपमधले ठिणगी-यंत्र

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या पाठोपाठ पुरवठादारांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. कामगारांची वस्ती वाढली, तिलाच बजाजनगर हे नाव पडले. आज बजाजनगर, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव, जोगेश्वरी या भागात फिरले तर पुढच्या खोलीत लेथ किंवा ड्रिल मशीन आणि मागच्या खोलीत संसार असे चित्र जागोजागी दिसते. मोठ्या कारखान्याचे काम दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, आणि शेवटी चलनावर चार नग घेऊन एखादा मुलगा सायकलवरून या खोलीत येतो. या शेवटच्या माणसाच्या कामाचा एक प्रश्न आम्ही आज घेत आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी, लोखंडाचे नव्हे. परंतु ज्याला ताना-बाना कळतो त्याला यंत्र अगदीच परके नसते, आणि आमचा भाचा याच वस्तीत ड्रिल-टॅपिंगचे जॉबवर्क करतो. त्याने एकदा विचारले, “मामू, आटे पाडताना टॅप मोडला की जॉब घेऊन टूलरूमच्या दारात किती दिवस उभे राहायचे?” या सवालाचे उत्तर शोधताना जे वाचले, पाहिले आणि जाणकार उस्तादांना विचारले, ते कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

टॅप मोडणे ही दिसायला किरकोळ बाब आहे. हिशेब मात्र किरकोळ नाही. समजा वीस हजार रुपयांचा एक डाय-ब्लॉक आहे, त्यात बारा भोके आहेत, अकरा भोकांत आटे पाडून झाले आणि बाराव्यात टॅप मोडून अडकला. जॉबवर्क करणाऱ्याची मजुरी त्या ब्लॉकवर पाचसातशे रुपये. मजुरी पाचसातशेची आणि जोखीम वीस हजारांची, हा सौदा कोणताही बजाज स्वीकारणार नाही. पण आमचा कारागीर रोज स्वीकारतो. मोडलेला टॅप हायस्पीड स्टीलचा असतो, त्याला ड्रिल लागत नाही, उलट ड्रिलच जळते. छिन्नी-हातोडीने तुकडे करायला गेले तर आटे खराब होतात.

यावर इलाज म्हणजे ठिणगीने धातू खाणारे यंत्र. कारखान्यात त्याला ईडीएम किंवा नुसते ‘स्पार्क’ म्हणतात. “जॉब स्पार्कला टाकला” हे वाक्य वाळूजमध्ये कुणालाही समजते. पुण्याची इलेक्ट्रॉनिका कंपनी ही यंत्रे अनेक वर्षांपासून बनवते. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये, जी भारत आणि जर्मनी या दोन सरकारांच्या सहकार्यातून उभी राहिली, मुलांना डाय-मोल्डच्या कामाबरोबर हे तंत्रही शिकविले जाते. मोठे यंत्र घेणे एका खोलीच्या वर्कशॉपच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु नुसता टॅप काढण्यापुरते, किंवा कडक पत्र्यात चौकोनी भोक पाडण्यापुरते लहान यंत्र घरी बांधता येते. परदेशात हौशी कारागिरांनी ते बांधले आहे. अमेरिकेत रॉबर्ट लँग्लॉइस आणि बेन फ्लेमिंग या दोघांनी त्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत.

या हुनराचा उगम नुकसानीतून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातील लाझारेंको पती-पत्नी, दोघेही शास्त्रज्ञ, यांच्याकडे एक काम होते. विजेच्या स्विचमधील टंगस्टनचे पॉइंट ठिणगीने झिजतात, ती झीज कशी थांबवावी? त्यांनी पॉइंट तेलात बुडवून पाहिले. झीज थांबली नाही. मात्र तेलात ती अधिक नेमकी आणि एकसारखी होते असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी सवाल उलटा केला: झीज थांबत नसेल तर तिच्याकडूनच काम का घेऊ नये? १९४३ साली त्यांनी रेझिस्टन्स आणि कंडेन्सर यांची साधी जोडणी करून ठिणगीने धातू कापून दाखविला. आज आपण घरी जे बांधू तेही तेच आहे, ऐंशी वर्षांपूर्वीचे.

ठिणगी काम कसे करते

एका बाजूस जॉब, दुसऱ्या बाजूस तांब्याची किंवा पितळेची कांडी. दोन्ही तेलात बुडालेले. दोघांत केसापेक्षाही कमी फट, मिलिमीटरचा दोन ते पाच शतांश भाग. कंडेन्सर रेझिस्टन्समधून हळूहळू भरतो. तेल वीज अडवून धरते. पण कंडेन्सरचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की त्या फटीत तेल हार मानते आणि साठलेली सगळी वीज एका क्षणात उडी मारते. त्या ठिकाणी आठ ते बारा हजार अंश सेल्सिअसपर्यंत ताप होतो. धातूचा कण वितळतो, उकळतो आणि तेलात फेकला जातो. लहानसा खड्डा उरतो. कंडेन्सर रिकामा झाला की ठिणगी विझते, तेल पुन्हा फट भरते, कंडेन्सर पुन्हा भरू लागतो. असे सेकंदाला हजारो वेळा.

येथे कांडी जॉबला स्पर्श करीत नाही, म्हणून जॉब किती कडक आहे याला महत्त्व राहत नाही. टॅप असो, कार्बाइड असो, वीज वाहून नेणारा धातू असला की पुरे. कांडीचा जो आकार तोच आकार जॉबमध्ये उतरतो, मात्र चोहोबाजूंनी फटीएवढा मोठा. ६ मिलिमीटरच्या कांडीने ६ मिलिमीटरचे भोक मिळणार नाही, थोडे मोठेच मिळेल. कापड बेतताना शिलाईची माया जशी धरतो तशी येथे फटीची धरावी लागते, फक्त उलट्या बाजूने.

विजेची जोडणी

प्रथम ट्रान्सफॉर्मर. २३० व्होल्टचे ६० व्होल्ट करणारा, ५ ॲम्पिअरचा, आणि ज्याची दोन्ही गुंडाळणी एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत असाच घ्यावा. वर्कशॉपमध्ये डिमरस्टॅट पडलेला असतो, तो लावून काम भागविण्याचा मोह होतो. तो लावू नये. डिमरस्टॅटमध्ये एकच गुंडाळणी असते, त्यामुळे मीटरवर ६० व्होल्ट दिसले तरी रस्त्यावरच्या खांबाची लाइन सरळ तुमच्या कांडीपर्यंत आलेली असते. मेन लाइनला सरळ डायोड लावून डीसी करण्याचाही सल्ला काही जण देतात. असा सल्ला देणाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये चहासुद्धा पिऊ नये.

ट्रान्सफॉर्मरनंतर ब्रिज रेक्टिफायर आणि फिल्टरचा मोठा कंडेन्सर. ६० व्होल्ट एसीचे भरल्यावर सुमारे ८५ व्होल्ट डीसी होतात. रात्री लोड कमी झाला की लाइनचा दाब वाढतो, तेव्हा फिल्टरचा कंडेन्सर १०० व्होल्टचा न घेता १६० व्होल्टचा घ्यावा. त्याच्या दोन्ही टोकांत एक रेझिस्टन्स कायमचा जोडावा, म्हणजे स्विच बंद केल्यावर त्यातील वीज आपोआप उतरेल. हा रेझिस्टन्स विसरला गेला तर बंद यंत्रही झटका देते.

आता मुख्य रेझिस्टन्स, जो कंडेन्सरला हळूहळू भरतो. बाजारात मोठ्या वॅटचा तारेचा रेझिस्टन्स मिळतो, पण महाग पडतो. येथे एक जुगाड चांगला चालतो: विजेच्या शेगडीची १००० वॅटची कॉइल. २३० व्होल्टवर १००० वॅट म्हणजे तिचा रेझिस्टन्स साधारण ५३ ओहम. ८५ व्होल्टवर कांडी जॉबला पूर्ण चिकटली तरी तिच्यातून १.६ ॲम्पिअरच जाईल आणि सुमारे १३५ वॅटची उष्णता होईल. हजार वॅट सोसणाऱ्या कॉइलला हे काहीच नाही. ती लालही होणार नाही. मात्र गरम होईल, म्हणून तिच्या मातीच्या तबकातच ठेवून वर जाळीचे झाकण लावावे आणि तेलाच्या टाकीपासून लांब, वेगळ्या पेटीत बसवावी.

ठिणगीचा कंडेन्सर हा फिल्टरच्या जातीचा चालत नाही. तो फिल्मचा हवा. सर्वांत सुलभ म्हणजे छताच्या पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा. असे चार घेऊन प्रत्येकाला वेगळा स्विच द्यावा. एक चालू केला की २.५, चारही चालू केले की १०. प्रत्येक ठिणगीचा जोर किती, हे कंडेन्सरची क्षमता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचे निम्मे, या हिशेबाने निघते. ६० व्होल्टला ठिणगी पडली असे धरले तर १० मायक्रोफॅरडची ठिणगी सुमारे ०.०१८ ज्यूलची होते आणि सेकंदाला दीड हजारांच्या आसपास पडते. २.५ वर तीच ठिणगी चौथाई होते आणि सेकंदाला सहा हजारांपर्यंत जाते. मोठी ठिणगी मोठे खड्डे पाडते, काम लवकर उरकते, पृष्ठभाग खडबडीत होतो. टॅप काढताना पृष्ठभागाशी आपल्याला कर्तव्य नाही, तेव्हा चारही स्विच चालू. पंख्याचे कंडेन्सर अशा झटक्यांच्या कामासाठी बनविलेले नसतात, कालांतराने तापू लागतात. हात लावून, अर्थात यंत्र बंद करून आणि वीज उतरल्यावर, पाहत जावे आणि गरम वाटला की बदलावा.

कंडेन्सरपासून कांडीपर्यंतची तार जाड आणि होईल तितकी आखूड ठेवावी. लांब तारेत ठिणगीचा जोर वाया जातो. जॉब प्लसला, कांडी मायनसला. हे उलटे जोडले तर जॉबपेक्षा कांडीच जास्त खाल्ली जाते. मोठ्या कारखान्यातील ट्रान्झिस्टरच्या यंत्रावर काम केलेला माणूस याला हरकत घेईल, कारण तेथे लांब पल्स असते आणि कांडी बहुधा प्लसला लावतात. आपल्या साध्या यंत्राचा नियम वेगळा आहे.

कांडी खाली सोडणे

खरे अवघड काम हे आहे. वीज जोडून तासाभरात होते. कांडी फटीत राखणे शिकायला वेळ लागतो. विणकर जसा तान्याचा ताण राखतो, फार ओढला तर धागा तुटतो, सैल सोडला तर धोटा अडकतो, तसाच हा प्रकार. कांडी फार खाली गेली की जॉबला चिकटून शॉर्ट होते आणि काम बंद. वर राहिली तर ठिणगीच नाही.

फटीच्या दोन्ही बाजूंस एक व्होल्टमीटर लावावा. तो ८५ दाखवीत असेल तर कांडी दूर आहे. शून्याजवळ असेल तर चिकटली आहे. चाळीस ते पंचावन्नच्या मध्ये काटा थरथरत असेल आणि तेलातून तळण्यासारखा एकसारखा आवाज येत असेल तर काम चालू आहे. प्रथम हाताने, बारीक आट्यांच्या स्क्रूवर कांडी खाली-वर करून हा आवाज कानांत बसवावा. दोन दिवस असे काम केल्याशिवाय मोटर लावू नये, असे आमचे मत आहे. ज्याने हाताने फट राखली आहे त्यालाच मोटर कोठे चुकते हे कळते.

त्यानंतर स्टेपर मोटर. एम-६ च्या स्क्रूला एका फेऱ्यात १ मिलिमीटरची चाल असते. २०० पावलांची मोटर लावली तर एका पावलाला मिलिमीटरचा पाच सहस्रांश भाग सरकतो. आपल्या फटीला एवढी बारकाई पुरते. मोटरला हुकूम देणारी सर्किट फटीचा व्होल्टेज मोजते: ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त तर एक पाऊल खाली, कमी तर वर. टीव्ही-मोबाइल दुरुस्ती करणारा कुठलाही चांगला मुलगा हे बसवून देईल, फक्त त्याला फटीचा व्होल्टेज सरळ त्याच्या चिपला न देता अलग करून द्यायला सांगावे. ड्रिल मशीनचा जुना खांब आणि टेबल सांगाडा म्हणून चालतो. कांडीची पकड मात्र सांगाड्यापासून हायलमच्या जाड तुकड्याने वेगळी करावी आणि टेबलाला अर्थिंग द्यावे.

कांडी पोकळ असावी, म्हणजे लहान पंपाने तिच्यातून तेल सोडता येते आणि काजळी व कण भोकाबाहेर येतात. कण आत साचले की यंत्र सारखे शॉर्ट होते. नव्या माणसाची निम्मी तक्रार येथेच असते. टॅपसाठी कांडी टॅपच्या मधल्या गाभ्याएवढी घ्यावी, आट्यांएवढी नव्हे. एम-८ चा टॅप असेल तर साधारण ३ मिलिमीटर. गाभा खाल्ला गेला की टॅपच्या पाकळ्या सुट्या होतात, सुईने आत ढकलून बाहेर काढता येतात, आणि जॉबचे आटे शाबूत राहतात. पितळेची नळी स्वतःही झिजते, म्हणून लांब घ्यावी. एम-८ मध्ये २० मिलिमीटर खोल अडकलेल्या टॅपला या लहान यंत्रावर एक-दोन तास धरून चालावे. मोठे यंत्र हे लवकर करते. पण ते रांगेत आहे आणि तुमचा जॉब आज संध्याकाळी परत जायचा आहे.

आग आणि झटका

हे यंत्र घरात बसणार आहे, जेथे बायका-मुले वावरतात, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घेतो.

बहुतेक माणसे रॉकेल वापरतात, कारण ते पातळ असते आणि काम चांगले करते. परंतु रॉकेलची वाफ ३५-४० अंशांच्या पुढे पेट घेण्याजोगी होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तेवढे तापमान नुसत्या उन्हाने होते. शिवाय रेशनचे निळे रॉकेल अशा कामाला वापरणे हा गुन्हा आहे. ईडीएमचे खास तेल मिळते, त्याचा पेट घेण्याचा अंश बहुधा शंभराच्या वर असतो. लिटरमागे पैसे जास्त पडतात, पण गाळून वर्षभर वापरता येते. घरातल्या वर्कशॉपला आमचा सल्ला फक्त या तेलाचा आहे.

तेल कोणतेही असो, ठिणगीवर किमान चार-पाच सेंटिमीटर तेल उभे हवे. पृष्ठभागाजवळ ठिणगी पडली तर हवा मिळते आणि जाळ होतो. टाकी गळून पातळी खाली गेली तर वीज आपोआप तुटावी म्हणून पाण्याच्या टाकीत असतो तसा फ्लोट स्विच बसवावा. यंत्र चालू ठेवून जेवायला जाऊ नये. टाकीला पत्र्याचे झाकण, जवळ वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक सिलिंडर. जळत्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. ठिणगीने तेलाचा धूर आणि जळणारे वायू निघतात, म्हणून खिडकीला बाहेर फेकणारा पंखा हवा, आणि स्वयंपाकघराला लागून हे यंत्र नको.

झटक्याबाबत एक गैरसमज फार आहे. घरात ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी बसविला आहे, आता भीती नाही, असे लोक धरून चालतात. ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या बाजूस, म्हणजे मेन लाइनकडे, तो तुम्हाला वाचवील. पुढच्या बाजूस, कांडी आणि जॉब यांच्यामध्ये तुमचे दोन हात आले, तर तो पडणार नाही, कारण त्याला ती वीज दिसतच नाही. ८५ व्होल्ट डीसी, तेलकट आणि घामेजलेले हात, त्यावर बारीक जखमा. हे जीवघेणे ठरू शकते. कांडी बदलण्यापूर्वी स्विच बंद, व्होल्टमीटर शून्यावर आल्याची खात्री, मगच हात. टाकीचे झाकण उघडताच वीज तुटेल असा लहान स्विच बसविला तर विसरण्याचा प्रश्नच राहत नाही. लहान मुले असलेल्या घरात चावीचा स्विच.

धंद्याचा हिशेब

यंत्र बांधून झाले म्हणून लगेच साच्यांची कामे घेऊ नयेत. ठिणगीने खाल्लेल्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा थिजलेला एक कडक, ठिसूळ थर राहतो. टॅप काढताना त्याचे काही बिघडत नाही. पण वारंवार मार खाणाऱ्या डायमध्ये तोच थर पुढे चिरतो. ती कामे, निदान पहिले वर्ष, टूलरूमकडेच जाऊ द्यावीत. टॅप, मोडलेले ड्रिल, अडकलेले बोल्ट, एवढ्यावर एका खोलीचे यंत्र चालते. आणि हे गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. आजूबाजूच्या पन्नास वर्कशॉपना एकदा कळले की रात्री अकरालाही दार वाजते.

दर ठरविताना तासावर ठरवू नये. तुमचे यंत्र धीमे आहे, त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसावा? टॅपच्या मापावर आणि खोलीवर ठरवावा. वाचणाऱ्या जॉबच्या किमतीकडे पाहून दर वाढविणारेही आहेत. मोंढ्यात टंचाईच्या दिवसांत असे दर चालतात, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या गल्लीत जाते.

जॉब आत घेतानाच चलनावर लिहून घ्यावे: टॅप कोणत्या मापाचा, किती खोल, आटे आधीच दुखावलेले आहेत किंवा कसे, आणि भोक खराब झाल्यास जबाबदारी किती रकमेपर्यंत. तोंडी बोलण्यावर वीस हजारांचा ब्लॉक ठेवून घेऊ नये, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. घरगुती मीटरवर जॉबवर्क सुरू करण्याआधी महावितरणच्या कार्यालयात कोणता दर लागेल हे विचारून घ्यावे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जॉबवर्कला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी मात्र जरूर करावी. ती ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. जॉबवर्कवाल्याचे पैसे तीन-तीन महिने अडकतात, तेव्हा बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्यावा.

ज्यांना भांडवलाची आणि कागदपत्रांची माहिती हवी त्यांच्यासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे मुख्य कार्यालय याच शहरात आहे. आमच्या भाच्याचे यंत्र सध्या हाताच्या स्क्रूवरच चालते आहे. मोटर आणून ठेवली आहे, ती त्याने अजून जोडलेली नाही.